लेकीची जुळी

लेकीच्या पोटात मूल टिकत नव्हतं, म्हणून आईने ते आपल्या पोटात वाढवायचं कबूल केलं. आई सत्तेचाळीसची.

"या वयात एकच गर्भ ठेवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुळी असली की पोटातच दगावायची भीती जास्त."

"दोन ठेवा," लेक म्हणाली. "एका खेपेत काम होईल."

आईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

सात महिने लेकीने तिला फुलासारखं जपलं. वाकायला नको म्हणून चपलाही स्वतः तिच्या पायांत सरकवल्या. आठव्यात पोट अचानक गप्प झालं. दोन मुली झाल्या, दोघीही मेलेल्या.

तिसऱ्या दिवशी आईला पान्हा फुटला. लेक खोलीत येताना दिसली, तशी तिने भिजलेल्या गाऊनवर चादर ओढून घेतली.

"माझंच अंग कमी पडलं गं, बाळा."

लेकीने खुर्ची जवळ ओढली आणि आईचा हात हातात घेतला. आता ही रडेल, मोकळी होईल, असं आईला वाटलं.

"गोठवून ठेवलेले दोन गर्भ अजून शिल्लक आहेत, आई," लेक हळूच म्हणाली. "इथे आता नाही म्हणतात. दुसऱ्या दवाखान्यात तुझं वय चाळीस सांगू."