गोल सह्यांचा अर्ज

मोरावा नदीकाठच्या आमच्या शाळेत शिक्षकांमध्ये आपलेपणा वाढावा म्हणून नव्या मुख्याध्यापिका गोर्दानाबाईंनी दर शनिवारी हात धरून गोलात नाचायचा सक्तीचा कोलो नाच सुरू केला. आम्ही अकरा जणांनी विरोधाचा अर्ज लिहिला. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, म्हणून मी सही करायला कचरत होते.

"सह्या गोलात करू. पहिली कोणाची ते कळणारच नाही. घाबरतेस काय, वेडे!" माझ्या सहशिक्षिका देसांकाताई म्हणाल्या.

मग मीच कर्कटकाने गोल काढून दिला.

गोर्दानाबाईंनी कागद फिरवून फिरवून पाहिला. "गोल अगदी सुबक आहे. कोणी काढला?"

देसांकाताईंनी घसा साफ केला. "अहो बाई, गणित शिकवणारी एकच तर आहे आपल्याकडे."

बाई प्रसन्न हसल्या. "बघा, किती मोकळेपणाने बोलायला लागलात तुम्ही!"