दोन बोटं कमी

अध्यक्षांच्या कपातला चहा कडेपासून चांगला दोन बोटं खाली होता, हे चाकांच्या खुर्चीतल्या बाईंनी आधीच टिपलं होतं. ज्यावर त्यांचं घर चालायचं, तो अपंग भत्ता महागाईप्रमाणे वाढवायचा का, हे घोंगडं समितीत वर्षानुवर्षं भिजत पडलं होतं.

"खर्च झेपणार नाही, बाई. पुढच्या बैठकीत पाहू," म्हणत अध्यक्षांनी कप उचलला. "अहो मामा, हा चहा आहे की औषधाचा डोस?"

"दूध-साखर महागली, साहेब. चहाचे पैसे तेवढेच मिळतात," शिपाईमामा म्हणाले.

"मग वाढवा ना! महागाई वाढली की पैसे वाढवायलाच हवेत. यात विचार कसला करायचा?"

बाई लेखनिकाकडे वळल्या.


"घ्या लिहून. झाला एकदाचा साहेबांचा निर्णय!"