गाळू नयेत त्यांची यादी

ॲप बांधताना कोड जुळवणारा कम्पायलर मोठा काटकसरी. कोडच्या ज्या तुकड्याला, म्हणजे क्लासला, कोणी थेट बोलावत नाही, तो त्याच्या लेखी बिनकामाचा. गाळून मोकळा होतो. त्यातले काही मात्र ऐनवेळी लागतातच, आणि ते कोणते हे ऑफिसात एकट्या काकांना तोंडपाठ होतं.

काकूंचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यावर ठरलं, तेव्हा काकांनी दहा दिवसांची रजा मागितली.

"दहाच का, पंधरा घ्या की!" साहेब म्हणाले. "फक्त जाण्याआधी ती नावं फाइलमध्ये उतरवून द्या. नाहीतर तुमच्यामागे आमची पंचाईत."

काकांनी तीन दिवस खपून दोनशे चौदा क्लासची यादी केली. प्रत्येकापुढे तो का गाळू नये, याचं कारणही लिहिलं. मग साहेबांसमोर ॲप चालवून दाखवलं. एकही क्लास गळला नाही.

"घ्या साहेब, आता मी नसलो तरी काही अडायचं नाही."

"नक्की ना, काका?"

"अहो, लिहून देतो!"

 

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी स्क्रीन दोनदा वरखाली करून म्हणाली, "काका, कंपनीच्या यादीत तुमचं नाव दिसत नाही हो."