वाकड्या रेघा

येना शहरातल्या कारखान्यात दुर्बिणीच्या सपाट आरशासाठी ओटमारने घासलेली काच डावलून कालच्या पोरीची, युटाची काच निवडली गेली. ओटमारने ती दोन्ही तळव्यांत धरून कितीतरी वेळ फिरवून फिरवून पाहिली. साधा ओरखडा नव्हता. मग त्याने ती कसोटीच्या काचेवर ठेवली. काच सपाट असली की पिवळ्या दिव्याखाली सरळ रेघा दिसतात. या चक्क वाकड्या होत्या! त्याने तपासणीच्या बाईंना हाक मारली.

"रोस्विताबाई, जळतोय म्हणून सांगत नाही, पण बघा तुमच्या लाडकीचं काम!"

बाईंनी वाकून पाहिलं. "हात लावू नकोस. चल, कॉफी पिऊन येऊ."

परतले तेव्हा रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या. ओटमार बघतच राहिला.

"तुझ्या हातांनी तापली होती, ती निवली," बाई म्हणाल्या. "आता तू कधी निवतोस ते बघायचं."