मैदानातले दोन मीटर

नव्या वसाहतीचा आराखडा पाच जणांनी एकाच टेबलावर बसून केला, आणि एकदाही कुणाचा आवाज चढला नाही. मैदान आखायचं काम त्यातल्या एकाचं होतं. रस्तेवाली म्हणाली, "दादा, दोनच मीटर सरक ना." हा शहाणा सरकला. मग गटारवाल्याला दोन दिले, पार्किंगवाल्याला दोन, टाकीवाल्याला अख्खा कोपरा. "तुझ्यासारखा दिलदार माणूस नाही बाबा!" सगळे म्हणाले, आणि गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

वसाहत उभी राहिली. लेक बॉल घेऊन आली.

"बाबा, मैदान कुठंय?"

त्यानं बोट दाखवलं. दोन बाकांएवढी हिरवळ, त्यावर भलीमोठी पाटी: 'मैदान'.

"घरी रिमोटसाठी माझ्याशी तासभर भांडता," ती म्हणाली, "इथं एकदासुद्धा नाही भांडलात?"