दोन्ही गुडघे सारखेच

लातूर जिल्हा नवा होता. उदगीरच्या विहिरी आटल्या होत्या. मैदानावर शिंपडायलाही पाणी नव्हतं. कबड्डीच्या मुलींच्या टी-शर्टवर पहिल्यांदाच ‘लातूर’ छापून आलं होतं.

चढाईवरून वळताना जगदेवीचा उजवा गुडघा कट्‌कन वाजला आणि तासाभरात टम्म सुजला. महिन्याने सूज उतरली, पण वळलं की गुडघा निसटायचा आणि ती पडायची. मग संघाचे प्रशिक्षक सिद्रामप्पा सर ओरडायचे, “उस्मानाबादची मॅच जवळ आली की बरा निसटतो गं तुझा गुडघा!”

शेवटी सरच तिला नांदेडच्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन आले. एक्स-रेत हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्यात दुमडून नडगी पुढे ओढली, मग डावीही ओढून पाहिली.

“आतली दोरी तुटली असेल, तर दुखरा पाय चांगल्या पायापेक्षा जास्त पुढे सरकतो,” ते म्हणाले. “हिचे दोन्ही सारखेच सरकतात. खेळू द्या.”

“रोज निसटतो वो डॉक्टरसाहेब. मी काय हौसेनं पडते का?”

“ऐकलं न्हाई का? दोन्ही सारखे हायत,” सर म्हणाले. “आता तरी नखरे सोड.”

जगदेवीने दात आवळले आणि सगळा भार डाव्या, चांगल्या पायावर टाकून ती टेबलावरून उतरली.

दहा वर्षांपूर्वी, बाहत्तरच्या दुष्काळात, चौदा वर्षांची असताना, खडीची पाटी घेऊन उतारावरून येताना तिचा डावा गुडघाही असाच कट्‌कन वाजला होता, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर गेली होती.