कोरी ओळ

"दिसला का गं? बघ, त्या वाकड्या फांदीवर!" नवऱ्याची ती कुजबुज बारा वर्षं तिच्या कानात होती. याच बेटावरची. त्यांच्या पक्षीमंडळाचा नियम कडक होता: दोघांनी पाहिला, तरच पक्षी वहीत चढायचा. तांबड्या पाठीचा खंड्या अगदी समोर बसला होता. पण सकाळपासून दुर्बिणीतून डोळा न काढणाऱ्या नवऱ्यावर ती रुसून बसली होती. "नाही बाई दिसला," ती म्हणाली. त्याने मुकाट्याने वहीत एक ओळ कोरी सोडली. पुढे दर हिवाळ्यात म्हणायचा, "पुन्हा जाऊ, तुला दाखवतोच." जायचं राहून गेलं. मग तोच राहिला नाही.

आज त्याची दुर्बीण गळ्यात घालून ती एकटीच आली. वाटाड्याने बोट दाखवलं. तीच फांदी, तसाच खंड्या, पाठ उन्हात पेटलेली.

"नशीब काढलंत, काकू! पहिल्यांदाच बघताय ना?"

तिने वही उघडली. कोऱ्या ओळीत खंड्याचं नाव लिहिलं आणि पुढे बारा वर्षांपूर्वीची तारीख घातली.

"अहो," ती शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणाली, "तेव्हा मलाही दिसला होता हो."